शालूबाईंच्या गाठीतली प्रथिने

रहिमतपूरच्या शालूबाईंच्या उजव्या जबड्यात गाठ झाल्याची रीतसर नोंद सांगलीच्या एका सरकारी दवाखान्यात १९७५ साली झाली. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "कॅन्सर नाही. पाण्याची पिशवी आहे. पण हिची एक जात हाड पोखरत वाढते. त्या जातीच्या पाण्यात प्रथिनं कमी असतात. तशी निघाली, तर जबडा मोडायच्या आत काढून टाकू."

सुईने काढलेलं पाणी तपासणीला पुण्याला गेलं. तीन महिन्यांनी अहवाल आला : 'प्रथिने कमी. त्वरित कार्यवाही व्हावी.' तोवर डॉक्टरांची बदली झालेली. कारकुनाने अहवाल वाचला, चष्मा पुसला आणि कागद पोषण आहार विभागाकडे धाडला. झाली कार्यवाही! शालूबाईंना दर आठवड्याला पाच किलो शेंगदाणे मंजूर झाले.

"आवं सायेब, ते पानी गाठीतलं हाय," शालूबाई कळवळून म्हणाल्या.

"गाठ कुणाची?"

"माजी."

"मग प्रथिनंही तुमचीच कमी. अंगठा करा इथं."

ज्या बाईला भाकरीचा तुकडा चावेना, ती शेंगदाणे चावणार? कपाळ! नवरा दादासो बिचारा कूट करून ताकातून पाजायचा. शालूबाईंना एकच घोर : जबडा मोडायच्या आत कुणीतरी ही गाठ काढा रे बाबांनो. त्या दर सोमवारी दवाखान्यात जायच्या आणि दर सोमवारी पिशवी भरून शेंगदाणे घेऊन परत यायच्या.

सहा महिन्यांनी विभागाने तपासणी केली. वजन दीड किलोने वाढलेलं. शेरा पडला : 'गाल भरले.'

"एकच भरलाय न्हवं का, सायेब?" दादासो म्हणाला.

"दुसऱ्यासाठी पुढच्या वर्षी तरतूद आहे."

शालूबाई जिल्ह्याच्या आदर्श लाभार्थी ठरल्या. सत्काराचा मांडव उभा राहिला, कर्णा लागला. फोटोवाल्याने सुजका गाल पुढे करायला लावला. बाई हाताने नको नको करत असताना पाहुण्यांनी शेंगदाण्याचा लाडू तोंडात कोंबला, आणि कट्‌कन जबडा मोडला. डोळ्यांतून घळाघळा पाणी! टाळ्यांचा नुसता कडकडाट. 'लाभार्थीस आनंदाश्रू अनावर झाले,' अशी नोंद झाली.

मोडका जबडा फडक्याने बांधून शालूबाई अजून दवाखान्यातल्या खाटेची वाट बघतायत. फोटो मात्र पोस्टर होऊन गावोगाव लागला.

हसताय काय? तुम्हीही त्याच्यासमोर उभं राहून घरच्या पोराला सांगितलंत, "बघ, खाल्लं की कसं अंग धरतं माणूस!"