डाव्या सीटवरचं पोतं

दर रविवारी सकाळी आमच्या सोसायटीतून एक लाल स्पोर्ट्स कार बाहेर पडायची. बुटकी, दोनच सीटची. उजव्या सीटवर भाऊसाहेब आणि डाव्या सीटवर कांद्याचं पोतं. पोतं नुसतं टाकलेलं नसे हं! खाकी कापडाच्या पट्टीनं सीटला नीट बांधलेलं असे. ऊन असलं तर त्याच्यावर पांढरा रुमालही असे. नवीन राहायला आलेले लोक विचारायचे, "काका कांद्याचे व्यापारी का?" आम्ही सांगायचो, "छे हो, शाळेच्या गणवेशाचे."

मेन रोडला भाऊसाहेबांचं गणवेशाचं दुकान होतं. अर्ध्या नाशिकची पोरं त्यांनी शिवलेल्या चड्ड्या घालून शिकली. गळ्यात कायम टेप आणि तोंडात कायम एकच वाक्य: "माप घेतलंय का?" मी पहिला फ्रिज घेतला तेव्हा अख्खी सोसायटी पेढे मागायला आली. भाऊसाहेबांनी तेवढं विचारलं, "दाराचं माप घेतलंय का?" घेतलं नव्हतं. दार चौकटीतून काढेपर्यंत फ्रिज जिन्यातच मुक्कामाला होता आणि येता-जाता भाऊसाहेब त्याच्याकडे बघून मान हलवत होते. असा राग आला होता मला! पण माणूस चुकीचं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत.

असा हा माणूस आयुष्यात एकदाच घाईला आला, आणि नेमका त्या गाडीच्या बाबतीत.

गाडी त्यांनी देवळाली कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून घेतली होती. परदेशी बनावटीची, जुनी, पण काय दिमाख! मालतीवहिनी सुरुवातीला "या वयात हे काय खूळ" म्हणाल्या. पुढच्याच रविवारी डोक्याला स्कार्फ बांधून बसल्या. मग भाऊसाहेबांना रुंद चाकं बसवायची हौस आली. चाकं सुंदर होती, पण टायर आतल्या बाजूला घासायला लागला. त्यावर उपाय म्हणजे स्पेसर. स्पेसर म्हणजे चाक आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बोल्टनं आवळतात तो गाभा, यांच्यामध्ये बसवायची जाड चकती. तिच्यामुळे चाक थोडं बाहेर सरकतं. मात्र चकती जेवढी जाड, तेवढा बोल्टही लांब घ्यावा लागतो, नाहीतर त्याची पकड राहत नाही. हे मला कसं ठाऊक? भाऊसाहेबांच्या खालच्या मजल्यावर राहून बघा, तुम्हालाही होईल.

दसऱ्याला चकत्या आल्या, लांब बोल्ट काही आले नाहीत. आता दसऱ्याला सीमोल्लंघन नको? पूजा झालेली गाडी शिवेबाहेर न्यायलाच हवी! "आजचा दिवस चालून जाईल," म्हणून त्यांनी जुनेच आखूड बोल्ट आवळले. वहिनींनी त्या बोल्टांना हळदकुंकू वाहिलं आणि दोघं इगतपुरीच्या रस्त्याला लागले.

घोटीच्या अलीकडे वहिनी म्हणाल्या, "अहो, ते पुढे पळतंय ते चाक कुणाचं?"

"असेल कुणाचं तरी," भाऊसाहेब म्हणाले, आणि गाडी मागच्या कोपऱ्यावर बसली.

चाक भाताच्या खाचरात जाऊन पडलं. देवाची कृपा, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. वहिनी उतरल्या, पदर झटकला, येणाऱ्या एस.टी.ला हात केला आणि म्हणाल्या, "या गाडीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही. तुमचं माप तुम्हाला लखलाभ!"

तेव्हापासून वहिनी बाजारात रिक्षानं जायच्या आणि रिक्षामागून लाल गाडी रांगत यायची. पिशव्या गाडीत, वहिनी रिक्षात. एकदा जिन्यात भाऊसाहेबांनी मला थांबवलं. म्हणाले, "मालती परत बसली पाहिजे. बाकी मला त्या गाडीकडून काही नको." एवढंच बोलून वर गेले.

मग सुरू झाली बोल्टनिवड. अहो, मुलीला स्थळ बघताना कुणी इतकं बघत नाही! मुंबईहून चकत्या यायच्या आणि परत जायच्या. एकीचं मधलं भोक सैल निघालं. "हबवर घट्ट बसली पाहिजे, हलली की चाक थरथरणार." दुसरी जास्त जाड निघाली, टायर बाहेरून मडगार्डला लागायला लागला. बोल्टचं तर विचारू नका. कुणाचे आटे जुळेनात, तर कुणाचं डोकं गोल, आणि यांच्या चाकाला खाली निमुळत्या होत गेलेल्या डोक्याचाच हवा. "पाना नंतर. आधी बोटांनी आत गेला पाहिजे," म्हणत ते एकेक बोल्ट डोळे मिटून फिरवत बसायचे. वहिनी ताट वाढून हाका मारून थकायच्या.

अखेर मनासारखे बोल्ट मिळाले. वहिनींचं उत्तर: "नाही." तेव्हा भाऊसाहेबांनी ठरवलं, वहिनींच्या वजनाएवढा भार डाव्या सीटवर ठेवून गाडी इगतपुरीपर्यंत न्यायची, आणायची आणि परत बोल्ट तपासायचे. वहिनी वजन सांगेनात. पण गणवेशवाल्याची नजर ती, बाजार समितीतून बरोबर तेवढं पोतं भरून आणलं. "मी पोतं काय?" म्हणून वहिनींनी अबोला धरला. पोत्यातल्या कांद्यांना कोंब फुटले की ते सोसायटीत वाटले जायचे आणि नवीन भरले जायचे. त्या काळात आम्ही सकाळ-संध्याकाळ कांद्याची भजी खाल्ली आहेत.

मलाही ते सगळं खूळच वाटायचं. मग एका रविवारी मी नणंदेकडे इगतपुरीला निघाले होते. घोटीला एस.टी. चहाला थांबली आणि टपरीपलीकडे झाडाखाली लाल गाडी दिसली. म्हटलं, जाऊन जरा फिरकी घ्यावी. मागून गेले तर भाऊसाहेब बोलत होते. पोत्याशी.

"घाबरलीस ना त्या दिवशी? मीही घाबरलो होतो. पण बोललो नाही. घरी मला मापाखेरीज काही सुचतच नाही बघ, तू म्हणतेस ते खरं आहे. चार शब्द बोलायचे ते मला या गाडीतच जमायचे. आणि आता तू बसत नाहीस." मग त्यांनी पोत्यावरचा रुमाल सरळ केला. "चल, निघू या. सावकाश नेतो."

मी पाय न वाजवता मागे फिरले. तशीच एस.टी.त जाऊन बसले.

संध्याकाळी वहिनींना सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. "बाई गं," एवढंच म्हणाल्या आणि निवडलेली मेथी परत देठांत टाकली.

पुढे दसरा आला. खाली गाडी धुऊनपुसून उभी होती, झेंडूचा हार होता आणि डावीकडे पोतं होतं. वहिनी तबक घेऊन उतरल्या. डोक्याला स्कार्फ! चारही चाकांपाशी वाकून त्यांनी एकेका बोल्टला कुंकू लावलं. मग मला म्हणाल्या, "हे पोतं धर गं जरा." आम्ही दोघींनी ते खाली ओढलं. वहिनी आत बसल्या, खाकी पट्टी स्वतःच पोटाशी बांधली आणि शेजारी बसलेल्या भाऊसाहेबांकडे बघून म्हणाल्या, "हं, बोला आता. घोटीपर्यंत मी मध्ये तोंड उघडणार नाही."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. "बोल्ट… एकदा बघून घेतो," म्हणाले आणि उतरून मागच्या चाकापाशी जाऊन बसले. बराच वेळ उठेनात. मला दिसत होतं, हातात पाना नव्हताच. गळ्यातल्या टेपनं डोळे पुसत होते.

"अहो, काय झालं?" आतून वहिनींचा आवाज आला. "माप चुकलंय का?"

"नाही गं," भाऊसाहेब खालूनच म्हणाले. "आलोच."