उपासाला काय खाल्लं?

डॉ. बावतीस मच्याडो यांना बारशाला किंवा वाढदिवसाला बोलवायचं असेल, तर चिवडा आदल्या दिवशीच चाळून ठेवावा लागतो. नाहीतर सर येतात, यजमानांचं अभिनंदन करतात आणि मग पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या बशीतले शेंगदाणे एकेक करून वेचतात आणि स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकतात. मूल भोकाड पसरतं, आई ओशाळते, सर शांतपणे पुढच्या बशीकडे वळतात. पापडी गावात त्यांच्या शेजारच्या लग्नात नवरदेवाच्या भाच्याच्या मुठीतून शेवटचा दाणा काढताना भाचा त्यांना चावला होता. सरांनी बोटाला रुमाल गुंडाळला आणि दाणा काढलाच. आता गल्लीत ते दिसले की बायका फरसाणावर ताटली पालथी घालतात, मांजर आल्यासारखी.

सर भूलतज्ज्ञ आहेत. तेही लहान मुलांचे, आणि त्यातही श्वासनलिकेत काहीतरी अडकवून घेतलेल्या मुलांचे. मी वसईजवळ आचोळ्याला कान-नाक-घशाचं लहानसं हॉस्पिटल चालवते. ते काहीतरी दुर्बिणीतून बाहेर काढणं हे माझं काम. आजवर शेंगदाणा, चणा, पिपाणीची शिट्टी, पेनाचं टोपण आणि एकदा गणपतीच्या मखरातला मोती निघालेला आहे. सरांच्या मते यांत मोती सज्जन. शेंगदाणा आत जाऊन फुगतो, म्हणून तो हलकट.

लहान मुलाची श्वासनलिका त्याच्या करंगळीएवढी असते. तीतून मला दुर्बीण घालायची असते आणि सरांना प्राणवायू. म्हणजे दोन भावांत एक विहीर. मी म्हणते, जरा बाजूला व्हा, मला दिसत नाही. सर म्हणतात, तुम्ही बाजूला व्हा, त्याला श्वास घ्यायचा आहे. अशा भांडणात वसईतल्या लोकांच्या वाड्या कोर्टात गेल्या आहेत. आमचं भांडण दर वेळी ऑपरेशनबरोबर संपतं आणि मग आम्ही एकाच किटलीतला चहा पितो.

भूल देताना सर मुलाला आकडे मोजायला लावत नाहीत. आकडे ऐकले की मुलाला शाळा आठवते आणि ते उठून बसतं, असं त्यांचं निरीक्षण आहे. ते तोंडाजवळ मास्क धरतात आणि मासे म्हणायला लावतात. बोंबील, मांदेली, करंदी, कोलंबी, हलवा, सुरमई, रावस. रावसापर्यंत एकही मूल जागं पोहोचलेलं नाही. शाकाहारी घरातल्या मुलांसाठी भेंडी-तोंडलीची वेगळी सोय आहे, पण ती म्हणताना सरांचा आवाज पडतो.

सरांचा खरा छळ सुरू होतो तो त्याच्याही आधी, चौकशीत. भूल द्यायची तर पोट रिकामं हवं. भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी झाली, तर अन्न थेट फुप्फुसात जातं. म्हणून आम्ही सांगतो, मुलाला उपाशी आणा. सगळे आईबाप सांगतात, काही खाल्लेलं नाही. सरांचं म्हणणं, आईबाप खोटं बोलत नाहीत, फक्त त्यांच्या लेखी चहा म्हणजे खाणं नव्हे, चहात बुडवलेलं बिस्कीट हा चहाच, आणि आजीने भरवलेले दोन घास कुठल्याच हिशेबात धरत नाहीत. त्यामुळे सर फौजदारासारखे समोर बसतात आणि सकाळपासून तोंडात काय काय गेलं ते विचारत राहतात. एका वडिलांनी वैतागून टूथपेस्टचा ब्रँड सांगितला होता. सरांनी तोही ऐकून घेतला.

गेल्या नवरात्रात चांदीप गावच्या एका डॉक्टरांचा फोन आला. तीन वर्षांचा पार्थ, सीताफळ खाताना ठसका लागला, आता छातीच्या एका बाजूला हवा जात नव्हती. बी आत गेली होती, हे फोनवरच कळत होतं. मी म्हटलं, लगेच पाठवा आणि उपाशी पाठवा. मुलाला आजी घेऊन आली. बाप कामावरून परस्पर पोहोचला, त्याने सही केली आणि बघवत नाही म्हणून जिन्यात जाऊन उभा राहिला.

सरांनी आजींना विचारलं, याने काय खाल्लं. आजी म्हणाल्या, काय नाय, डॉक्टरांनी सांगितलं तसा उपास हाय. मी हातमोजे चढवायला निघाले होते. सर मात्र हलले नाहीत.

"उपासाला काय खाल्लं?" त्यांनी विचारलं.

"साबुदान्याची खिचडी. वाटीभर. वर एक पिकलं केलं दिलं. लांब यायचं होतं ना."

"दाण्याचा कूट घातला होता?"

"त्याबिगर खिचडी होते का, डॉक्टर?"

सर खुर्चीत बसले. जन्मभर पुढच्या दाराशी पहारा केला आणि वैरी मागच्या दाराने वाटीतून आला, असा त्यांचा चेहरा झाला होता.

आता प्रश्न एवढाच होता की थांबायचं की नाही. बी हलून मधोमध अडकली तर श्वासच बंद. आणि आत्ता भूल दिली तर खिचडी फुप्फुसात. मी म्हणत होते लगेच करू. सरांनी मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, पोर बोलतंय, रंग चांगला आहे, तोवर थांबू. बोलायचं थांबलं की पोटात काय आहे ते न बघता आत घेऊ. तोपर्यंत याला रडू द्यायचं नाही. रडताना मूल जोरात श्वास ओढतं आणि बी सरकते.

सगळी हत्यारं मांडून आम्ही बसलो. मूल सरांच्या मांडीवर, बाजूला आजी. तेवढ्यात आजींच्या लक्षात आलं की खिचडीने घोळ केला आहे. त्या पदर तोंडात कोंबून हुंदके देऊ लागल्या. मीच मारलं माझ्या पोराला, असं पुटपुटू लागल्या. पार्थने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याचा खालचा ओठ थरथरला.

सरांनी त्यांना गप्प बसा म्हटलं नाही. स्टेथोस्कोप मुलाच्या छातीवर तसाच ठेवून, उद्याचं हवामान सांगावं अशा सुरात ते बोलू लागले. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम करते आणि यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

"आजी, मला मुलगी होती. रीटा. तिचा श्वासाचा मार्ग जन्मापासून बारीक. गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती. अशी नळी असली की आवाज फुटत नाही. ती रडायची, तर नुसतं तोंड उघडं आणि डोळ्यांत पाणी. चार वर्षांची झाली, पण आम्ही तिचं रडणं कधी ऐकलं नाही. एका सकाळी नळी चोंदली. मी आणि बायको पलीकडच्या खोलीत चहा पीत होतो. तिने हाक मारली असेल."

आजींचा हुंदका थांबला. सर पुढे म्हणाले, "तुम्ही खिचडी दिलीत ते सरळ सांगितलंत. म्हणून आपण थांबलो. तुमचं काही चुकलं नाही. आता याच्याशी बोला. याला बोलता ठेवा."

आजींनी डोळे पुसले आणि पार्थला घरच्या म्हशीबद्दल विचारायला सुरुवात केली. म्हैस काय खाते, कुठे बसते, कुणाला मारते. पार्थ मधे खोकत, मधे शिट्टीसारखा श्वास घेत उत्तरं देत राहिला. प्रत्येक उत्तराला माझा जीव भांड्यात पडत होता आणि प्रत्येक थांब्याला पुन्हा वर येत होता. सर एक कान म्हशीकडे आणि एक छातीकडे देऊन बसले होते. अशी दुपार कलली आणि पोट रिकामं व्हायचे तास भरले.

भूल देताना सरांनी सवयीने बोंबील म्हटलं. आजींनी दारातून हात जोडले. नवरात्रात तोंडात मासा नको, नावसुद्धा नको. सरांनी माफी मागितली आणि उपासाचे पदार्थ घेतले. वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळं. पार्थ रताळ्यापाशी झोपला.

बी दिसली, चिमट्यात आली, आणि बाहेर येताना स्वरयंत्रापाशी निसटली. रक्तातला प्राणवायू घटला की मॉनिटरचा सूर उतरतो; तो खाली खाली उतरायला लागला. सर म्हणाले, सावकाश घ्या, पोर माझ्याकडे आहे. त्यांनी त्याला श्वास दिला, सूर पुन्हा चढला, मग मला वाट करून दिली. या खेपेला बी आली. काळी, गुळगुळीत, अगदी निरुपद्रवी दिसणारी.

बाहेरच्या खोलीत पार्थ जागा झाला आणि रडायला लागला. साधंसुधं नव्हे, सगळं चांदीप गोळा होईल असं. सरांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. त्याचं तोंड त्यांच्या कानाला लागलेलं होतं आणि ते डोळे मिटून उभे होते. आमच्या सिस्टर त्याला घ्यायला पुढे झाल्या. आजींनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू दे, बाय," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना ऐकू दे."

सिस्टर थांबल्या. मीही थांबले. बऱ्याच वेळाने खालचा दुकानदार वर आला आणि दारातून काळजीने विचारू लागला, मॅडम, काय झालं.

मी म्हटलं, काही नाही, मूल रडतंय.