गुरप्पाची उर्मट यादी

"शंभर शब्द? साहेब, दीडशे आणतो!" गुरप्पा कारकून भर कचेरीत म्हणाला, आणि टेबलावर असा हात आपटला की दौत कलंडली!

कारण तसंच होतं. गिरणीत विलायतेहून नवे आलेले हॉब्ससाहेब खात्यातून फिरून गेले, की मागे बायाबापड्या काहीतरी पुटपुटायच्या आणि खुसखुसायच्या. उर्मट माणसाला सोलापुरात काय काय म्हणतात, ते साहेबांना एकदाचं समजून घ्यायचं होतं. हेडक्लार्क अण्णाराव नोकरी सोडून करमाळ्याला शेतीवर निघाले होते. शनिवारपर्यंत जो शंभर शब्द लिहून आणील, त्यांची खुर्ची त्याला! त्या खुर्चीकडे गुरप्पा सात वर्षं डोळे लावून बसला होता.

पण घरी लिहायला बसला, तर उद्धट, उर्मट, असभ्य, अशिष्ट. संपलं! पुढं गाडी हलेना.

"तू सांग की काही," तो बायकोला म्हणाला.

"सांगते की," रत्नम्मा म्हणाली, "पण मग म्हणाल, मलाच बोलते."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं बायांचं वाइंडिंग खातं गाठलं. तिथं सूत गुंडाळायला केराबाई होती. मूळची नातेपुत्याकडची, आणि तोंडाची अशी फटकळ की मुकादमसुद्धा तिला वळसा घालून जायचा.

"केराबाई, उर्मट माणसाला तुमी काय काय म्हणता हो?"

"आवो, असं कसं सुचंल? तसलं माणूस म्होरं पायजे की!"

एवढंच ना? गुरप्पानं बसकण मारली ती थेट केराबाईच्या फडक्यावर! तिची भाकरी ओढली, सगळी शेंगाचटणी तीवर उपडी केली, घास कोंबला आणि वर म्हणाला, "ए, पाणी आण!"

झालं! बाई उसळलीच. "आगाऊ! माजोरी! शिंगं फुटल्यात व्हय रं तुला?"

"वा! जरा सावकाश!" गुरप्पानं खिशातली वही उघडली आणि कानामागची पेन्सिल काढली. "माजोरी... बरं, मग?"

"मस्तवाल! तिरसट! आडमुठ्या!"

"द्या की अजून! लई पायजेत!"

इथंच घोटाळा झाला. त्या गिरणीत कारकुनाची पेन्सिल खात्यात निघायची ती एकाच कामाला: नाव टिपायचं आणि दुसऱ्या दिवशी घरी बसवायचं! चाळीस बायांनी ती पेन्सिल बघितली.

"अगं बया! केराचं नाव लिवतोय मुडदा! उठा गं!"

सगळ्यांनी त्याच्याभोवती कोंडाळं केलं. खवीस, टगा, आचरट, चढेल, नाठाळ! शब्दांचा नुसता पाऊस! एक तेलंगणाकडची बाई तेलुगूत सुरू झाली.

"मराठीत बोला, मराठीत!" गुरप्पा ओरडला. "साहेबाला दाखवायचंय!"

साहेबाला! आता तर कुणालाच शंका राहिली नाही. भोंगा झाला तरी एकही बाई कामाला हात लावीना.

साचे थांबलेले पाहून हॉब्ससाहेब धावत आले, मागून अण्णाराव. गुरप्पानं वही पाठीमागं लपवली. खुर्ची मरू दे, आता होती ती नोकरी चालली!

"सायेब," केराबाई पदर खोचून म्हणाली, "ह्यो आमची भाकरी खातोय, आन् वर आमचंच नाव लिवतोय! वाचा ती वही!"

साहेबांनी वही अण्णारावांच्या हातात दिली. अण्णाराव खणखणीत आवाजात वाचू लागले. नाव एकाचंही नाही! नुसते शब्दच शब्द, एकशे तीन! आपलेच शब्द हेडक्लार्कच्या तोंडून ऐकून बाया पोट धरधरून हसायला लागल्या.

"आवो, त्यात 'शिष्ट' ऱ्हायला की!" केराबाईनं डोळे पुसत भर घातली.

एकशे चार! "शाबास!" साहेब म्हणाले, आणि साचे सुरू झाले. गुरप्पा घरी गेला तो छाती काढून. रत्नम्मानं गव्हाची गोड हुग्गी केली, आणि सबंध गल्लीनं ती ओरपली.

सोमवारी गुरप्पा मोठ्या ऐटीत खुर्चीवर बसला. समोरच साहेबांचं टेबल. साहेब यादी घेऊन आले, आणि मागून उच्चार शिकवायला रोज एक तास नेमलेल्या केराबाई!

"टुमी माजोरी!" साहेब भिंतीकडे बघून म्हणाले.

"भितीला काय बोलताय सायेब? ह्या हेडकलारकाकडं बगून म्हणा की!"

साहेब वळले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले. या वेळी उच्चार अगदी स्वच्छ आला.

अजून एकशे तीन शब्द बाकी होते. आणि खुर्ची तर कायमची होती!