बिरातात्या आणि हवेतले निरोप

टेलिफोनच्या टॉवरखालून जाताना बिरातात्या पायातल्या वहाणा काढून हातात घेत. टॉवर मागे पडला की पुन्हा पायात घालत. चैत्रात डांबर पायाला चिकटायचं, तरी यात खंड नाही. नवख्या माणसाला वाटे, तिथे एखादं देवस्थान असावं. मलाही तसंच वाटलं होतं. वडगाव निंबाळकरच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला आलो आणि तात्यांच्या शेजारची खोली घेतली, त्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं.

"देऊळ न्हाय वं मास्तर," तात्या म्हणाले. "मयत चाललं की आपण काय करतो? वहाणा काढून बाजूला हुबं ऱ्हातो. ह्या टावरावनं दिसाला किती जणांच्या मरणाचं निरोप जात आसतील? दिसत न्हाईत म्हून काय तसंच तुडवत जायचं व्हय?"

मला भौतिकशास्त्राची पदवी होती. तरी परतताना टॉवरखाली माझी चाल हळू झाली.

तात्या आता नाहीत. गेल्या पौषात गेले. ते आठवले की आधी हसू येतं आणि मग थोडी भीती वाटते, कारण भीती ही त्यांची खास गोष्ट होती आणि ती ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना उदार मनाने वाटत.

त्यांचं घर पूर्वी मेंढरं राखणारं. पुढे कालवा आला, ऊस आला, मेंढरं गेली. मुलगा बाळू बारामती एमआयडीसीतल्या कारखान्यात लागला. रोज मोटारसायकलवरून जायचा आणि पगाराच्या दिवशी घरी काहीतरी नवं घेऊन यायचा. कधी रंगीत टीव्ही, कधी रिमोट, शेवटी बिनवायरीचा फोन. बाळूने आणलेल्या प्रत्येक वस्तूने तात्यांची झोप थोडी थोडी कमी केली.

रिमोटची गोष्ट तर सगळ्या आळीला माहीत होती. सूनबाईंनी टीव्ही लावायला रिमोट उचलला की तात्या दोन्ही पाय बाजेवर घेत. एकदा त्यांना उशीर झाला आणि ते नेमके मध्ये आले. सूनबाई बटण दाबतायत, टीव्ही काही लागेना. तात्यांचा चेहरा उतरला. ते तसेच माझ्याकडे आले.

"मास्तर, ती माझ्यात आडली."

"कोण?"

"लहर. तिकडं पोचलीच न्हाय. मंग गेली कुठं ती?" त्यांनी छातीवर हात ठेवला. "आतच हाय का अजून?"

मी त्यांना बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. रेडिओच्या लहरी लांब, टॉवरच्या त्याहून आखूड, रिमोटच्या आणखी आखूड, मग आपल्याला दिसतो तो प्रकाश, आणि त्याच्याही पलीकडे दवाखान्यात छातीचा फोटो काढतात ते किरण. सगळं एकच घराणं. रिमोटची लहर अंगावर पडली आणि तिथेच संपली. ऊन पडतं तशीच.

तात्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हंजी कळप एकच. बारकी-मोठी मेंढरं."

"अगदी बरोबर."

"आन त्यातलं आपल्याला दिसतं किती?"

"अगदी थोडं. मधला एक पट्टा."

"बाकीचं सगळं दिसत न्हाय, पर हाय?"

"आहे."

"आत्ता? हितं? ह्या खोलीत?"

"हो. रेडिओच्या लहरी तर आपल्या अंगातूनही जातायत."

तात्यांनी खोलीच्या चारही कोपऱ्यांकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमाला ह्ये ठावं आसून तुमी जेवता कसं वं?"

त्यांची समजूत काढायला गेलो आणि त्यांना नवी भीती देऊन परत पाठवलं. त्यानंतर ते आकाशवाणीच्या बातम्यांच्या वेळी घोंगडी पांघरून बसू लागले. घोंगडीने रेडिओच्या लहरी अडत नाहीत, असं मी सांगितलं. "ऊन आडतं, पाऊस आडतो, थंडी आडती," तात्या म्हणाले. "तिला काय वेगळं लागलंय?"

बिनवायरीच्या फोनला मात्र ते हात लावत नसत. जुन्या, वायरच्या फोनशी त्यांचं जेमतेम जमत होतं. "वायर म्हंजी कासरा," ते सांगत. "जनावर बांधल्यालं तरी आसतं. ह्ये सुटल्यालं हाय." फोन वाजला की ते उठून अंगणात जात आणि सून बोलून होईपर्यंत गोठ्याकडे तोंड करून उभे राहत.

त्या वर्षी मलाही फोनची भीती वाटू लागली. इंदापूरला माझी आक्का आजारी होती. आई लवकर गेल्यावर मला तिनेच वाढवलं. तिचं हृदय थकलं होतं आणि डॉक्टर फार काही बोलत नव्हते. भाच्याकडे मी तात्यांच्या घरचा नंबर दिला होता. शेजारी घंटी वाजली की माझा हातातला घास हातातच राही. सूनबाई भिंतीवरून हाक मारत, "मास्तर, फोन!" आणि मी उष्ट्या हातानेच धावत असे.

पलीकडून भाचा म्हणे, आक्काने आज अर्धी भाकरी खाल्ली. मी फोन ठेवून मागे वळलो की तात्या अंगणातून माझं तोंड न्याहाळत असत.

"बरं हाय?"

"बरं आहे तात्या."

"ए, च्या टाक गं मास्तरला," ते सुनेला ओरडून सांगत. मग कपाळावरचा घाम पुसत. मला कळे, या घरात माझ्यासारखंच आणखी एक माणूस घाबरलेलं आहे.

मार्गशीर्षातली दुपार होती. आठवीला शेवटचा तास, विषय प्रकाशाचा. न दिसणाऱ्या लहरींबद्दल मी सांगत होतो, तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, आपल्याला त्या दिसत नाहीत, पण त्यांना आपण दिसतो का?" वर्ग हसला. मीही खूप दिवसांनी मोकळा हसलो.

तेवढ्यात खिडकीतून तात्या दिसले. व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. मी खडू ठेवून दाराशी गेलो.

"तात्या, काय झालं?"

"कुठं काय? हिकडनं चाललोतो, टेकलो वाईच. तुमचं चालू द्या. कोण वं ती पोरगी? बेस इचारती."

इतकं साधं बोलले की माझा जीव भांड्यात पडला. काही असतं तर हा माणूस वेशीपासून ओरडत आला असता. मी फळ्याकडे वळलो. मुलांनी आणखी काय काय विचारलं, मी उत्तरं दिली, आम्ही पुन्हा हसलो. घंटा झाली. मुलं गेली.

तात्या उठले. "मास्तर, इंदापुरास्नं फोन आलता."

"कोणी घेतला?"

"म्या. घरात कुणी न्हवतं. वाजत हुता, वाजतच हुता. तुमचाच आसंल म्हून उचलला." उजवा हात ते धोतराला पुन्हा पुन्हा पुसत होते. "आक्का गेल्या."

मी खांबाला धरलं. मग मला राग आला. "आणि तुम्ही इथे बसून राहिलात? तासभर?"

"सून आल्यावर तिच्याकडनं बाळूला फोन लावला. म्याच बोललो त्येच्यासंगं. फटफटी घिऊन निघालाय त्यो, तुमाला इंदापूरला न्हील. आत्ता एस्टी बी न्हाय. त्यो येईस्तवर तुमी काय करणार हुता? हितंच बसून रडला आसता."

तात्या माझ्याकडे न बघता बोलत राहिले.

"माझा आबा गेला तवा मी मेंढरं घिऊन कोकणात हुतो. सांगावा घिऊन माणूस चालत आला, तवर पंधरवडा झालता. त्या दिसात एका मेंढीला कोकरू झालं. कपाळावर चांद. आबाला दावायचं म्हून मी ते खांद्यावर घिऊन हिंडायचो. एकटाच हसायचो. हिकडं आबाची राख झालती आन तिकडं मी त्येच्यासंगं मनात बोलत हुतो. ते दिस माझ्याकडनं कुणी काढून घेतलं न्हाईत, मास्तर. तुमाला त्या फोनानं तेवढंबी दिलं नसतं. म्हून बसलो. लई न्हाय जमलं. एक तासच जमला."

शाळेच्या वळणावर मोटारसायकलचा आवाज आला. तात्या घाईने फाटकापाशी गेले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हात खालीवर करत बाळूला खुणावू लागले, हळू ये, हळू.