ट्रकच्या आडोशाने

मास्तरांनी आदल्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं, की वाटेत गाडी चार्ज करायला कुठेही थांबायचं नाही.

"अंतर एकशे अठ्ठ्याण्णव किलोमीटर. गाडी धावते दोनशे बारा. चौदा शिल्लक! तेवढ्यात रेडिओ केंद्राभोवती दोन चकरासुद्धा मारता येतील."

मास्तर म्हणजे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. फळ्यावर त्यांचं गणित कधी चुकलं नव्हतं, आणि फळ्याबाहेर ते त्यांनी कधी तपासून पाहिलं नव्हतं. विजेवर चालणारी गाडी घरात येऊन चारच महिने झाले होते. तेव्हापासून त्यांचं रस्त्याकडे लक्ष कमी आणि उरलेले किलोमीटर दाखवणाऱ्या त्या आकड्याकडे जास्त असे.

जायचं होतं ते बायकोच्या गाण्यासाठी. रेडिओच्या 'नवे आवाज' या कार्यक्रमात तिची निवड झाली होती. नव्या आवाजाचं वय एकावन्न होतं. बारा वाजता थेट प्रक्षेपण, साडेअकराला केंद्रावर हजर राहायचं. बावीस वर्षं ती भांड्यांच्या आवाजावर मात करून गात आली होती. भांड्यांशिवाय गायची ही पहिलीच वेळ.

"अहो, मध्ये अर्धा तास थांबून चार्ज केली तर काय बिघडेल?" तिने विचारलं.

"तत्त्व बिघडेल," मास्तर म्हणाले.

पहाटेच उठून त्यांनी गाडी हलकी केली. जादा चाक काढलं, जॅक काढला, डिकीतला गालिचा काढला. सासूबाईही बरोबर येणार होत्या. त्यांच्या हातातल्या पिशवीकडे मास्तरांनी बघितलं.

"पिशवीत काय आहे?"

"छत्री आहे आणि चष्मा आहे," सासूबाई म्हणाल्या. "माझं वजन विचारायचं राहिलंय, तेही विचारून घ्या."

विचारायचं मास्तरांच्या मनात होतं, पण बायकोचा चेहरा बघून त्यांनी ते मनातच ठेवलं.

साडेसहाला गाडी निघाली. एसी बंद, कारण तो वीज खातो. काचाही बंद, कारण आत शिरलेला वारा गाडीला मागे ओढतो. तिघं जण कुकरमधल्या बटाट्यांसारखे गप्प शिजत बसले. बायको डोळे मिटून मनातल्या मनात गाणं घोकत होती. तासाभरात मास्तरांच्या लक्षात आलं, की आकडा जरा जास्तच वेगाने उतरतोय. चौदाच्या शिल्लकीतले आठ किलोमीटर वितळले होते.

आणि तेवढ्यात समोर तो ट्रक आला.

गाद्या वाहून नेणारा ट्रक होता. उंच, चौकोनी, एखाद्या चालत्या भिंतीसारखा. मास्तरांचा चेहरा उजळला. "वारा अडवायला याच्याइतकं उत्तम काही नाही! याच्या मागे राहायचं. वारा त्याने खायचा, प्रवास आपण करायचा."

त्यांनी गाडी ट्रकच्या मागे लावली. फार जवळ नाही, फार लांब नाही. चार किलोमीटर झाले तरी आकडा एकानेही उतरला नाही. पाचव्या किलोमीटरला तो एकाने वाढला! पहिल्या मुलाच्या जन्माच्या वेळी मास्तर इतके हळवे झाले नव्हते.

आता पुढच्या ट्रकमध्ये काय चाललं होतं ते ऐका. कंपनीने सगळ्या ड्रायव्हरांना सूचना दिली होती, की यापुढे एक गुप्त तपासनीस अधूनमधून ट्रकचा पाठलाग करील. ड्रायव्हरने आरशात बघितलं. मागे एक करडी गाडी. आत काचा लावून बसलेला, घामाने निथळणारा, जाड भिंगांचा माणूस. नजर एका जागी खिळलेली. वेग कमी केला की तोही कमी करतो, वाढवला की वाढवतो. असा माणूस तपासनीस नाही तर कोण असणार?

एरवी हा ड्रायव्हर आधी सरळ शहरात जाई आणि आडरस्त्यावरच्या गोदामाचं काम परतताना उरकी. नियमात नेमकं उलटं लिहिलं होतं. आज त्याने नियम पाळायचं ठरवलं. डाव्या हाताचा दिवा लावला आणि हमरस्ता सोडून तो गोदामाकडे वळला.

मास्तरही वळले. त्यांचे डोळे आकड्यावर होते.

"जावईबापू," सासूबाई मागून म्हणाल्या, "शहराची पाटी सरळ जायला सांगत होती हो."

"आई, गाडी चालवताना बोलू नका. लक्ष विचलित होतं."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही काय, सामान."

चोवीस किलोमीटर गेल्यावर ट्रक एका फाटकातून आत शिरला. त्याच्यापाठोपाठ गाडीही शिरली आणि मागे फाटक बंद झालं. मास्तरांनी मान वर केली. समोर छतापर्यंत रचलेल्या गाद्या होत्या.

बायकोने डोळे उघडले. "आलं का रेडिओ केंद्र?"



ड्रायव्हर खाली उतरून हात जोडत आला. "साहेब, बघितलंत ना? सगळं नियमाप्रमाणे केलं. वेगसुद्धा साठच्या वर नेला नाही."

"अहो, मी साहेब नाही. मी शिक्षक आहे."

ड्रायव्हर समजूतदारपणे हसला. "असणारच, साहेब. कोणी विचारलं तर मी हेच सांगीन."

मास्तरांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी ड्रायव्हरने त्यांना डोळा मारला.

आता खरं गणित समोर उभं राहिलं. शहर इथून सव्वाशे किलोमीटर. गाडीतला आकडा एकशे चार. घड्याळात पावणेनऊ. गोदामात माल उचलणाऱ्या यंत्रांसाठी चार्जर होता, पण त्याची पिन गाडीला बसेना. भिंतीवर एक साधं सॉकेट होतं. त्यातून तासाला बारा-तेरा किलोमीटरपुरती वीज मिळाली असती.

"म्हणजे पावणेदोन तास इथेच," मास्तर म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता.

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. ती ओरडली नाही. तिने नुसतं विचारलं, "बावीस वर्षं थांबले ना मी?" आणि ती तोंड फिरवून गाद्यांच्या ढिगाकडे बघत राहिली.

मास्तरांना घाम आधीपासूनच होता. आता त्याचं कारण बदललं. ते ताठ झाले आणि ड्रायव्हरकडे वळले.

"तुम्ही इथून शहरात जाणार ना?"

"नियमाप्रमाणे, साहेब. पाव तासात इथला माल उतरवून."

"या दोघींना बारा वाजता गायचंय. म्हणजे एकीला. बरोबर न्याल का?"

"साहेब, केबिनमध्ये बाहेरचं माणूस घ्यायला मनाई आहे!" ड्रायव्हर डोळे बारीक करून म्हणाला. ही परीक्षा आहे, हे त्याने ओळखलं होतं.

मास्तरांनी आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि वर्गातला जुना आवाज काढला. "मी परवानगी देतोय."

नऊ वाजता दोघी ट्रकमध्ये चढल्या. सासूबाईंना सगळ्यांनी मिळून वर चढवलं. वर बसल्यावर त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. "इथे एसी आहे हो जावईबापू!" त्यांनी कळवलं, आणि ट्रक गेला.

मास्तर सॉकेटशेजारी एका गादीवर बसून राहिले. आकडा एकशे सव्वीस झाला तशी त्यांनी पिन काढली. सव्वाशे लागणार, एक शिल्लक. गणित चोख होतं.

बारा वाजता ते हमरस्त्यावर होते. त्यांनी रेडिओ लावला. बायकोचा आवाज आला आणि मास्तरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. आपल्या घरात रोज हे गाणं चालायचं आणि आपण दार लावून वर्तमानपत्र वाचायचो, हे त्यांना पहिल्यांदाच जाणवलं. गाणं संपलं. मग त्यांनी नाक पुसलं, आणि घाम आलाय असं समजून दोन्ही काचा खाली केल्या.

काचांनी घात केला. रेडिओ केंद्राच्या फाटकासमोर एक लहानसा चढ होता. त्या चढाच्या मध्यावर आकडा शून्य झाला आणि गाडी उभी राहिली.

फाटकात सगळे वाट बघत उभे होते. ड्रायव्हर धावत आला, पहारेकरी आला, बायको आली. तिघांनी मागून रेटा दिला. सासूबाईंनी छत्रीचं टोक लावलं. मास्तर आत बसून स्टिअरिंग धरून सरळ समोर बघत होते. गाडी आत आली.

"फार सुंदर गायलीस," उतरल्या उतरल्या मास्तर म्हणाले. "मी ऐकलं. पूर्ण."

"खरंच?" तिने विचारलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा ती हसली.

ड्रायव्हर घुटमळत उभा होता. "साहेब, तेवढं रिपोर्टचं..."

मास्तरांनी खिशातून कागद काढला. 'वर्तणूक उत्तम. वेग उत्तम. दहापैकी दहा,' असं लिहून खाली सही ठोकली. ड्रायव्हरने कागद दोनदा वाचून छातीशी धरला. मग आनंदाच्या भरात तो बायकोकडे वळला. "ताई, आणि आमच्या साहेबांना तुम्ही किती मार्क द्याल?"

बायकोने नवऱ्याकडे बघितलं, चढाकडे बघितलं, हातावरची धूळ झटकली.

"ढकलपास," ती म्हणाली.