वसंतकाकांची चौकशी

आमच्या शेजारचे वसंतकाका पन्नाशीपुढच्या कुणाही पुरुषाला नमस्काराआधी विचारतात, "रात्री लघवीला कितीदा उठता?" मासळीबाजारात विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या वडिलांना भर पंगतीत विचारलं. त्या गृहस्थांच्या हातातली जिलबी हातातच राहिली.

काका निवृत्त वायरमन. चार वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांना डीएनए मेथिलेशन समजावलं, आणि काकांनी ते आमच्या ओटीवरचा स्विचबोर्ड उघडून मला समजावलं.

"डीएनए म्हणजे वायरिंग. ते असतं तसंच असतं. पण मिथाइल नावाचे बारीक कण काही बटणांवर चिकटतात नि बटण बंद होतं. गाठीला आवरणारं बटणच बंद पडलं, की रोगाला रान मोकळं. आणि बघ, माझ्या एकाच ग्रंथीच्या दोन तुकड्यांत हे कण वेगवेगळ्या जागी निघाले. मग माणसामाणसांत किती फरक असेल?"

"काका, फ्यूज उडेल."

"उडू दे. तू ऐक."

पुढे दोन दिवस आमचा पंखा बंद होता.

तपासून उरलेले तुकडे त्यांनी संशोधनाला देऊन टाकले होते. "हे फरक कळले, तर पुढच्याला नेमका उपचार मिळेल," म्हणाले.

यंदा माझ्या रक्ततपासणीत प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला. बायकोखेरीज मी कुणाला सांगितलं नाही. बायोप्सीचा अहवाल घ्यायला एकटाच निघालो, तर स्टेशनवर काका पिशवी घेऊन हजर. बायकोनेच कळवलं होतं.

मुंबईच्या दवाखान्यात ते माझ्याशेजारी बाकावर बसले. मग म्हणाले, "आमचा अण्णा ह्याच रोगाने गेला. भिंतीपलीकडे तो रात्री उठायचा, ते मला ऐकू यायचं. दोन वर्षं. पण थोरल्या भावाला असलं कसं विचारायचं, म्हणून बोललो नाही."

डॉक्टरांनी सांगितलं, रोग आहे, पण संथ चालीचा. तूर्त नुसती नजर ठेवायची. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

बाहेर येऊन मी काकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मेल्या, घाबरवलंस," म्हणाले, आणि खिशातून स्वतःच्या इथल्याच पुढच्या तपासणीचा कागद काढला. "तारीख जुळवून घेऊ या का? येता-जाता सोबत होईल."

चार वर्षं ते इथे एकटेच येत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी परत आत गेलो आणि त्यांचीच तारीख मागून घेतली.