दादाराव काकांचं मनगटशास्त्र
“डॉक्टर डॉक्टर काय लावलं बे देविदास? डॉक्टर एकटा काय करते? एक्स-रे काढाले पोट्टं लागते, रक्त तपासाले पोट्टं लागते, मशीन लावाले पोट्टं लागते. डॉक्टर निस्ती सही करते.”

भर बाजारात, हातात हिरव्या बांगड्या धरून दादाराव काका ओरडत होते. काकांनी दिग्रसच्या स्टँडवर हाक मारली, तर पुसदला निघालेली बस अर्ध्या वाटेतून परत यायची. समोर आमचा देविदास आणि त्याची पोरगी पल्लवी. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत ती दोनदा आपटली होती, आणि बाप तिला तिसऱ्यांदा बसवायला निघाला होता.

काकांचं बांगड्यांचं दुकान माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून. बांगडी भरताना ते पोरीचा हात दाबत आणि तिथंच तिचं भविष्य सांगून मोकळे होत. “हे मनगट एक्स-रेचं.” “हे ऑपरेशन थेटरचं, पाह्य, बिलकुल हालत नाही.” पोरांचे हात ते रामराम करता करता दाबायचे. एका नवरदेवाला त्यांनी हळदीच्या पाटावरून उठवून डायलिसिसच्या कोर्सला धाडलं. मी जरा कमीच करून सांगतोय.

या वेडामागचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. काकूंना लकवा मारला आणि त्यांची वाचा गेली. नागपूरच्या दवाखान्यात एक पोरगी रोज त्यांच्यासमोर बसून बोलायला शिकवायची. तिच्यासमोर काकू “पाणी” म्हणाल्या. मग सुट्टी झाली. दिग्रसमध्ये तसं शिकवणारं कोणी नव्हतं. महिन्याभरात तेवढं पाणीही आटलं.

त्या पोरीनं कोणता कोर्स केला, हे विचारायचं मात्र काका विसरले. मग अंदाजानं गावाला शिकवत सुटले. गावातला पहिला पोरगा फिजिओथेरपी शिकून आला. काकूंचा हात वर झाला, तोंड बंदच. दुसरी पोरगी चष्म्याचे नंबर काढायला शिकून आली, काकूंना चष्मा लागला. काका म्हणाले, “आता तिले माहं थोबाड साफ दिसते, पण शिवी देता येत नाही.”

शेवटी नेरच्या एका गिऱ्हाइकाकडून त्या कोर्सचं नाव कळलं, स्पीच थेरपी. त्याच आठवड्यात पल्लवीचं मनगट त्यांच्या हाती लागलं.

“बोलाचं कोणी शिकवते काय?” देविदास म्हणाला. “माही बायको तं बिनशिकता थांबत नाही.”

काकांचा आवाज एकदम खाली आला. “शिकवते गा. म्या पाह्यलं हाय.”

पल्लवी गेली, शिकली, पुण्यातल्या दवाखान्यात तिला नोकरी लागली. रुजू व्हायच्या आधी ती दिवाळीला घरी आली आणि रोज दुपारी आरसा घेऊन काकूंसमोर बसू लागली. आपला आवाज मधे नको म्हणून काका दाराबाहेर चपलांपाशी बसत, तोंडावर दुपट्टा दाबून. बाजार इतका शांत झाला, की काका गेले असं समजून एक जण हार घेऊन आला.

पल्लवी घरातल्या माणसांची नावं म्हणून घ्यायची. पोराचं नाव काकूंना अर्धंमुर्धं जमलं. “दादाराव” म्हटलं की मात्र ओठ घट्ट.

“हे नाव पार पुसलं गेलं वाटते, काका,” एका दुपारी मी काकांशेजारी बसलो असताना ती बाहेर येऊन हळूच म्हणाली.

काकांनी दुपट्टा काढला. “पुसलं नाही व बाई. लग्नापासून तिनं माहं नाव घेतलं नाही, आता कायले घेईन? हाक माराची तं ‘अजी’ अशी. तेच म्हणाले लाव.”

पल्लवी आत गेली. तिनं आरसा पुन्हा काकूंसमोर धरला. मग फाटक्या कापडासारखा आवाज आला, “अ… जी.”

काका उठले नाहीत. बसल्या जागी “ओ” म्हणाले. इतक्या हळू, की मला ते फक्त ओठांवरून कळलं.

दोन दिवसांनी पल्लवी निघाली. ‘पाणी’ आटलं तसं हेही आटेल, हे काकांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तरी बसच्या खिडकीशी उभं राहून अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडले, “नोकरी सोडू नको. दिग्रसकडं पाहू नको.”

बस गेली. मी म्हणालो, “काका, तुम्ही थांब म्हटलं असतं, तर पोरगी थांबली असती.”

“थांबली असती,” काका म्हणाले. “दिग्रसात तिले नोकरी कोण देते? मंग काय माह्या दुकानात बांगड्या इकत बसली असती?”